काका, कडेने!

कर्वेनगरहून नारायण पेठेत सायकलने जायचं तर जिवाची थोडी तरी चाड असलेला माणूस कर्वे रस्ता धरत नाही. म्हात्रे पुलापाशी खाली उतरायचं आणि नदीपात्रातला रस्ता पकडायचा. सिग्नल नाही, चढ नाही, वर नदीचा वारा. ही युक्ती निम्म्या पुण्यालाही सुचलेली असल्यामुळे सकाळी साडेनऊला तिथे मुठेपेक्षा दुचाक्यांचा विसर्ग जास्त असतो.

वारा असतो, खोटं कशाला बोला. पण तो सांडपाणी आणि जलपर्णी यांची चौकशी करून मगच आपल्याकडे येतो. सोबत चिलटं आणतो. दमलेल्या माणसाचं तोंड उघडं राहतं आणि घराण्याचा शाकाहार मोडतो.

पुणेकराला सायकलबद्दल नितांत आदर आहे, फक्त ती त्याच्या पुढे नसावी. परवा एक आजोबा स्कूटर माझ्या बरोबरीने चालवत म्हणाले, "गियरची का? कितीला पडली?" मी धापा टाकत किंमत सांगितली. "फसवलं तुम्हाला! आमच्या वेळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर. आम्ही डबलसीट पर्वतीपर्यंत जायचो." सायकलींच्या त्या सुवर्णकाळात ते असे रमले, की त्यांची स्कूटर डावीकडे सरकत गेली आणि मी वाळूत. वर जाताना म्हणाले, "सीट उंच करा, गुडघे जातील."

मागून हॉर्न. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेली एक मुलगी ओरडते, "काका, कडेने!" कडेने म्हणजे कुठून, बाई? कडेला मुठा आहे. आणि काका कोण? या अख्ख्या रस्त्यावर मला सल्ला न देणारी एकच व्यक्ती भेटते, ती म्हणजे म्हैस. ती मधोमध उभी असते, तिला कोणी "मावशी, कडेने" म्हणत नाही.

पावसाळ्यात वेगळाच तमाशा. टेमघर, वरसगाव, पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि खडकवासला भरलं की ते आमच्या रस्त्यावर. भिडे पूल पाण्याखाली जातो. बॅरिकेडपाशी हीऽ गर्दी! मघापर्यंत ऑफिसची घाई असलेले सगळे आता निवांत मोबाइलवर पाण्याचं शूटिंग करत असतात. सायकल ढकलत वर चढवायची आणि लकडी पुलावरून उलटं यायचं.

यंदा त्यात अर्धा तास उशीर झाला. साहेब सदाशिव पेठेतले. "भिडे पूल बुडालाय" म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलंच नाही, विचारलं, "किती क्युसेक?" मी सकाळी वाचलेला आकडा सांगितला. "छे! तेवढ्याने भिडे पूल बुडत नाही." लेखा विभाग म्हणाला, बुडतो. १९६१ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे दोघं उभे राहून पानशेत धरण फुटलं त्या वेळी लकडी पुलावरून किती पाणी गेलं ते हातवारे करून दाखवू लागले. डबे उघडायची वेळ झाली तरी निकाल लागेना. अखेर साहेबांनीच प्रकरण मिटवलं. मी, म्हणे, दुसराच कुठला तरी पूल बघून आलो होतो.