रूळ आहेत, गाडी नाही

गेल्या महिन्यात कर्नाटकातल्या दांडेलीच्या मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने नेहमीचा विषय काढला. "रूळ हाय, ठेसन हाय, सिग्नल हाय. गाडी तेवढी नाही बघ." मागून त्याचा धारवाडला नोकरी करणारा मुलगा ओरडला, "रिकामी गाडी पळवून रेल्वेने दिवाळं काढायचं काय, ताई? लोकांना बस आहे, मोटरसायकल आहे." त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर दीडशे मेसेज पडले. हळ्याळची मावशी गाडीच्या बाजूने, बेळगावचा चुलतभाऊ विरोधात, आणि अर्धे लोक दांडेलीचं सोडून बेळगाव ते धारवाड कित्तूरमार्गे होणाऱ्या नव्या लाईनीवर भांडत होते. मी गप्प राहिले, कारण मला जे सांगायचं होतं ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. ते इथे सांगते.

मी खानापूरची. गेली तेरा वर्षं स्कॉटलंडच्या दक्षिणेला गॅलशील्स नावाच्या गावात राहते. इंग्लंडच्या हद्दीला लागून असलेल्या या मुलखाला 'बॉर्डर्स' म्हणतात. एका सीमाभागातून उठून मी दुसऱ्या सीमाभागात आले. आले तेव्हा गावात रेल्वे नव्हती. एडिंबरोला जायचं तर एक्स ९५ नंबरची बस पकडायची, आणि थंडीत घाटावर बर्फ पडलं की ती कधी येईल याचा नेम नसायचा.

रेल्वे पूर्वी होती. एडिंबरोहून गॅलशील्स, हॉइक करत ती इंग्लंडमधल्या कार्लाइलपर्यंत जायची. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातल्या लाईनी बंद करा आणि दोन हजारांहून अधिक स्टेशनांना कुलूप लावा, असं त्यात म्हटलं होतं. त्या यादीत ही लाईनही होती. हॉइकच्या मॅज इलियट या बाईंनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या, लंडनला जाऊन पंतप्रधानांच्या दारात निवेदन दिलं. उपयोग झाला नाही. जानेवारी १९६९ मध्ये शेवटची गाडी निघाली त्या रात्री न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी फाटक बंद करून ती अडवली. पोलिसांनी गावच्या पाद्रीबाबांना पकडलं, आणि गाडीतच असलेले तिथले तरुण खासदार डेव्हिड स्टील यांना खाली उतरून समजूत घालावी लागली. गाडी पुढे गेली, आणि मग रूळ उखडले गेले.

ती परत आली ६ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी, आणि तीही अर्धीच. एडिंबरो ते ट्वीडबँक, पस्तीसएक मैल. लोकांनी पुन्हा संघटना बांधली ती १९९९ मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला २००६ मध्ये, आणि खर्च आला २९ कोटी ४० लाख पौंड, त्या वेळच्या दराने सुमारे २,९०० कोटी रुपये. मधल्या काळात जुन्या मार्गाच्या जागेवर कुठे रस्ता आला होता, कुठे घरं उठली होती. पैसे वाचवायला बराच मार्ग एकेरी ठेवला, नवे पूलही एकाच रुळापुरते बांधले. आज एक गाडी उशिरा आली की समोरची खोळंबते, त्याचं मूळ तिथे आहे. आमच्या गॅलशील्सला एकच फलाट. रस्ता आणि टेकाड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत तो कसाबसा बसवलाय. बाकडं, छप्पर, तिकिटाचं यंत्र, एवढंच. पण समोर रस्ता ओलांडला की बसस्टँड आहे. खेड्यातून बसने आलेली म्हातारी पिशवी सावरत दोन मिनिटांत गाडीत बसते. हे मी रोज बघते.

गाडी रिकामी धावेल असं इथेही लोक म्हणत होते. सरकारी अंदाज होता पहिल्या वर्षी प्रवाशांच्या साडेसहा लाख फेऱ्यांचा. झाल्या दहा लाखांहून जास्त. शहराजवळच्या काही स्टेशनांवर सुरुवातीला अंदाजापेक्षा कमी लोक चढले, आणि आमच्या बाजूच्या स्टेशनांवर, ट्वीडबँक, गॅलशील्स, अगदी स्टो या एवढ्याशा गावातही, अंदाजाच्या कितीतरी पट. शहराजवळच्या माणसाला दुसरी सोय होती, लांबच्या माणसाला नव्हती. कागदावर हिशेब मांडणाऱ्यांना लांबचा माणूस दिसतच नाही, असं माझं तेव्हापासून पक्कं मत झालंय.

पण मामाच्या लाईनीशी जास्त जुळतं ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं ओकहॅम्प्टन. एक्सेटर ते ओकहॅम्प्टन ही रोजची प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली, पण मेल्डन इथल्या खाणीची खडी न्यायची होती म्हणून रूळ राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये गाडी परत सुरू झाली ती चार कोटी पौंडांच्या आसपास खर्चात, तोही ठरवलेल्यापेक्षा कमी. आमच्या बॉर्डर्सच्या खर्चाशी ताडून बघा. मार्गाची लांबी वेगळी, देशाचा भाग वेगळा, तरी खरा फरक एवढाच की तिथली जागा आणि रूळ कुणी मोडून खाल्ले नव्हते. रूळ असले म्हणजे सगळं स्वस्तात होतं असंही नाही. न्यूकॅसलजवळच्या ॲशिंग्टनच्या लाईनीवर कोळशामुळे रूळ होते, तरी खर्च वाढत वाढत ३० कोटी पौंडांच्या घरात गेला. तिथे नवी स्टेशनं आणि पूल बांधावे लागले.

आता दांडेली. ही फांदी लोंढा–धारवाड लाईनीवरच्या अळणावरहून निघते. इंग्रजांनी ती टाकली जंगलातलं लाकूड बाहेर काढायला. पुढे पन्नाशीच्या दशकात कागद कारखाना आला आणि तिला दुसरं कारण मिळालं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खानापूरहून लोंढ्याला, लोंढ्याहून अळणावरला आणि तिथून या छोट्या गाडीने आजोळी जायचो. मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, लाकडी बाकं. अळणावर सोडलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर यायची. गाडी इतकी सावकाश जायची की मामा मध्येच उतरून चालत पुढच्या डब्यात चढायचा. रुळाकडेला सागाचे ओंडके रचलेले असायचे, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याने मारलेला नंबर. पावसाने भिजलेल्या सागाचा वास आणि कागद कारखान्याचा उग्र वास एकत्र आला की आजी म्हणायची, "चला, चपला घाला."

नव्वदच्या दशकात गेज बदललं आणि त्या सुमारास प्रवासी गाडी गेली. कारखान्याच्या मालगाडीमुळे रूळ टिकले. मेल्डनच्या खडीने जे केलं तेच इथे कागदाने केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये, बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, धारवाड ते दांडेलीजवळचं आंबेवाडी अशी गाडी सुरू झाली. मामा पहिल्या दिवशी हार घेऊन गेला होता. मार्च २०२० मध्ये देशातल्या सगळ्याच गाड्या थांबल्या, तेव्हा हीसुद्धा थांबली. पाच महिनेही धड झाले नव्हते. त्या सप्टेंबरात अंगडीही कोरोनाने गेले.

पाच महिन्यांच्या गर्दीवरून कुठल्याही लाईनीचा निकाल लावता येत नाही. लोकांना सवय लागायला दोन शाळेची वर्षं जावी लागतात. पोराला कॉलेजात घालताना बाप विचार करतो, पुढच्या वर्षी ही गाडी असेल का? खात्री नसेल तर तो हप्त्यावर मोटरसायकल घेऊन देतो, आणि मग ती सीट कायमची रिकामी. आंबेवाडी म्हणजे दांडेलीची वेस. तिथे उतरल्यावर बाजारात जायला रिक्षा करावी लागली तर तिकिटात वाचलेले पैसे रिक्षात गेले. स्टेशनावरच बस आणून उभी करणं हे रेल्वेचं नाही, बस महामंडळाचं काम आहे, आणि त्याला शेकडो कोटी लागत नाहीत.

धारवाडच्या मामेभावाचा सगळ्यात जोरकस मुद्दा वेगळाच आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट. मग पैसे मोडून कोण गाडीने जाईल? हे खरंच आहे, आणि मला ते हसण्यावारी नेता येत नाही, कारण माझीच मावशी त्या फुकटच्या बसने आठवड्यातून दोनदा धारवाडच्या दवाखान्यात जाते. पण तिलाच विचारलं तर ती म्हणते, बसमध्ये उभं राहून कंबर मोडते, लघवीला थांबत नाहीत, आणि डायलिसिसच्या पेशंटला घेऊन जायचं तर देवच आठवतो. बस फुकट झाल्यापासून गर्दी इतकी वाढलीय की पैसे मोजून बसायला मिळेल अशी गाडी हवी, असं म्हणणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. शिवाय ती सवलत राज्याची आहे. रायबाग, कुडची, उगारच्या लोकांना दवाखान्यासाठी मिरज जवळ पडते, आणि तिकडे जायला लागते ती पॅसेंजरच. कोरोनानंतर पॅसेंजरचं किमान तिकीट दहावरून तीस रुपये झालं होतं. ते परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. त्या काळात किती माणसं रेल्वेकडे पाठ फिरवून गेली, याचा हिशेब कोण ठेवणार?

कित्तूरच्या नव्या लाईनीबद्दलही बोलायला हवं. आज बेळगावहून धारवाडला जाणारी गाडी लोंढ्यावरून वळसा घालते. कित्तूरमार्गे सुमारे ७३ किलोमीटरची सरळ लाईन मंजूर झालीय. कित्तूरला कधी रेल्वे मिळाली नाही, ती मिळावी असं मलाही वाटतं. पण गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूरकडचे शेतकरी सांगतायत की सुपीक जमिनीतून नका जाऊ, माळावरून न्या. त्यांचं ऐकलंच पाहिजे. गर्लगुंजीत माझ्या आत्याचं शेत आहे. तिथली माती हातात घेतली तर तेलकट लागते. ती गेली की परत मिळत नाही. जंगलाचंही तेच. कॅसलरॉक ते कुळे घाटातल्या दुहेरी रुळासाठी दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, कारण तो मार्ग अभयारण्यातून जातो. नव्या लाईनीला एकतर शेत लागतं नाहीतर रान. अळणावर–आंबेवाडीला यातलं काहीच लागत नाही. जे रूळ आहेत त्यावर आधी गाडी चालवा, असं मी म्हणते ते यासाठी. दांडेलीचं घोडं कित्तूरच्या गाड्याला बांधू नका.

आणखी एक गोष्ट इथे राहून कळली. आमची लाईन ट्वीडबँकला संपते. हॉइक, जिथे मॅजबाईंनी सह्या गोळा केल्या, ते अजून कोरडंच आहे. पुढे कार्लाइल इंग्लंडमध्ये येतं, म्हणजे दोन सरकारं, दोन तिजोऱ्या. आपल्याकडे मिरज मध्य रेल्वेचं, त्याच्या अलीकडचं दक्षिण पश्चिम रेल्वेचं. बेळगावची माणसं मिरज आणि कोल्हापूरला जातात तशी हुबळीलाही जातात, पण गाड्यांच्या वेळा जुळवताना ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. सीमाप्रश्नावर आपली मतं तीव्र आहेत, माझीही आहेत. पण दांडेलीच्या फलाटावर उभी राहणारी बाई मराठी आहे की कन्नड, यावर गाडीची वेळ ठरत नाही. हा विषय त्या भांडणात ओढला तर गाडी आणखी दहा वर्षं येणार नाही, हे मी ठामपणे सांगते.

हॉइकला मी मुद्दाम एकदा गेले होते. जुन्या स्टेशनाच्या जागी आज पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा आहे. छान आहे, मुलं आनंदाने पोहत होती. पण उद्या रेल्वे आली तर तिने उतरायचं कुठे? दांडेलीकडच्या रुळांच्या बाजूला अजून गाळे उठलेले नाहीत. मामा म्हणतो, एका ठिकाणी कुणीतरी कुंपण सरकवायला लागलंय.

मी त्याला विचारलं, गाडी कितीला हवी तेवढं सांग, मी अर्ज लिहून देते. तो जरा वेळ गप्प बसला. मग मामीला विचारून आला आणि म्हणाला, "आंबेवाडीहून सकाळी सात. धारवाडला नऊच्या आत पोचली पाहिजे, दवाखान्याची चिठ्ठी नऊला सुरू होते. आणि संध्याकाळी तिकडून साडेपाचच्या आधी सोडू नको म्हणाव. पोरांचं कॉलेज सुटायचं असतंय."