‘ॲलर्जीची गोळी मायलिन परत आणते’ : त्या मेसेजमधल्या एकेका ओळीला उत्तर

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्याचा गोषवारा असा : नसांवरचं मायलिनचं आवरण एकदा गेलं की शरीर ते परत बनवू शकत नाही. पण क्लेमास्टिन नावाची ॲलर्जीवरची जुनी गोळी ते परत आणते, हे सिद्ध झालंय. औषध कंपन्यांनी ही बातमी दाबली. गोळीचा काहीही अपाय नाही. सोबत भरपूर चरबी आणि व्हिटॅमिन घ्या, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसची (एमएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते तो आजार) चालू औषधं बंद करा.

हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं बहुतेक वेळा जवळच्या कुणाच्या तरी काळजीपोटी तो पाठवतात. म्हणूनच तो नुसता डिलीट करून भागत नाही.

‘शरीर मायलिन परत बनवू शकत नाही.’ साफ चूक. प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत गेलेलं मायलिन पुन्हा तयार होतं, हे १९६१ मध्येच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं होतं. मला मात्र सगळ्यात जास्त भावतं ते विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या इयन डंकन यांचं काम. किरणोत्साराचा मोठा मारा करून निर्जंतुक केलेलं खाद्य काही मांजरींना बरेच महिने दिलं गेलं होतं. त्यांची चाल बिघडली, पाय लुळे पडत गेले, काहींची नजरही गेली. तपासलं तेव्हा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) या तिन्ही ठिकाणी मायलिन मोठ्या प्रमाणात उडालेलं होतं. मग खाद्य नेहमीचं केलं, आणि त्या मांजरी हळूहळू पुन्हा चालायला लागल्या. नवं मायलिन मूळच्यापेक्षा पातळ होतं, पण तेवढ्यावरही काम चाललं. डंकन आणि सहकाऱ्यांनी हे २००९ मध्ये प्रसिद्ध केलं.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या मांजरींमधले आतले चेतातंतू शाबूत होते, फक्त आवरण गेलं होतं. एमएसमध्ये आवरण गेलेला तंतू फार काळ उघडा राहिला तर तो स्वतःच झिजून तुटतो. तुटलेल्या तंतूवर आवरण चढवणार तरी कसं? माणसाच्या मेंदूतही दुरुस्ती होते. एमएसच्या काही जुन्या चट्ट्यांत (मायलिन गेलेल्या जागांत) पातळ, नव्या मायलिनची फिकट सावली सापडते. पण ती सगळीकडे होत नाही आणि वयाबरोबर मंदावते. मायलिन बनवू शकणाऱ्या पूर्वपेशी बऱ्याच चट्ट्यांत हजर असतात, पण पुढे पक्व होत नाहीत. सगळं संशोधन या अडथळ्याभोवती फिरतंय.

‘गोळीने हे सिद्ध केलंय.’ हा दावा कुठून आला ते आधी सांगते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला जोना चॅन यांच्या प्रयोगशाळेत काचेचे अतिसूक्ष्म शंकू तयार केले. पूर्वपेशी पक्व झाली की ती त्या शंकूभोवती मायलिन गुंडाळते, आणि वरून पाहिलं की गोल कडं दिसतं. कडं दिसलं म्हणजे औषध लागू पडलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाळणीतून क्लेमास्टिन पुढे आलं. कल्पना इतकी देखणी आहे की मी तिची आकृती कितीदा तरी पाहिली आहे.

मग माणसांवरची चाचणी झाली : एमएसचे ५० रुग्ण, १५० दिवस. रुग्णाला पडद्यावर उलटसुलट होणारा बुद्धिबळाचा पट दाखवतात आणि डोक्याच्या मागे लावलेल्या इलेक्ट्रोडवर संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतात. निरोगी डोळ्यात हा वेळ साधारण १०० मिलिसेकंद असतो. मायलिन गेलं की तो वाढतो. क्लेमास्टिनने तो सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला. माझ्या मते हा आकडा मोलाचा आहे, कारण जुनी इजाही थोडी भरून येऊ शकते असं तो सुचवतो. पण त्यावरून पाय पुन्हा चालतील असं म्हणणं म्हणजे हातभर उडी मारून नदी ओलांडली म्हणण्यासारखं आहे.

‘कंपन्यांनी बातमी दाबली.’ ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पेटंट संपलेल्या गोळीत कंपन्यांना रस कमी असतो, एवढं खरं. पण मायलिन दुरुस्तीवर त्यांनी पैसा ओतलाच नाही असंही नाही : बायोजेनने ओपिसिनुमॅब या औषधावर मोठ्या चाचण्या केल्या, फायदा दिसला नाही, आणि २०२० मध्ये ते काम सोडून दिलं.

‘अपाय नाही.’ या ओळीचा मला खरोखर राग येतो. त्या ५० जणांच्या चाचणीतच गोळीने थकवा वाढला होता, आणि एमएसच्या रुग्णाला थकवा आधीच पुरेसा असतो. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, वाढत जाणाऱ्या एमएसच्या ९ रुग्णांना क्लेमास्टिन दिलं, तेव्हा ३ जणांचं अपंगत्व आधीपेक्षा झपाट्याने वाढलं आणि तो गट थांबवावा लागला. बेक्सारोटीन या दुसऱ्या औषधानेही दुरुस्तीच्या खुणा दाखवल्या, पण ते घेणाऱ्या प्रत्येकाचं थायरॉइड मंदावलं.

चरबी आणि व्हिटॅमिनचं थोडक्यात. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून अधिक भाग चरबीचा असतो हे खरं, पण त्याला लागणारं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच बनवतो. रक्तातलं तिथे पोहोचत नाही. बी-१२ची कमतरता असेल तर मायलिन खराब होतं आणि ती भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसताना जास्तीचं बी-१२ घेऊन नवं मायलिन बनत नाही. बायोटिन या दुसऱ्या व्हिटॅमिनचे प्रचंड डोस तर मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरले, वर ते थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे निकालही चुकवतात.

आणि शेवटची ओळ, ‘चालू औषधं बंद करा.’ ही औषधं मायलिनवरचा हल्ला रोखतात. हल्ला चालू असताना नवं आवरण चढलं तरी तेही उडतं. त्यातली नॅटॅलिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड ही औषधं अचानक थांबवल्यावर आजार आधीपेक्षा जोराने उसळल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. हा मेसेज ज्या चाचणीचा आधार घेतो, तिथेही कुणाला आपलं चालू औषध सोडायला सांगितलेलं नव्हतं.