फोटोतला तो 'एकटा' शेतकरी

परवा इथे कुणीतरी कॅनडाच्या प्रेअरीवरच्या (तिथलं सपाट गवताळ माळरान) गव्हाच्या मळणीचा जुना फोटो टाकला. खाली कमेंटांचा पाऊस. 'बघा, एकट्याच्या जिवावर माळरान फुलवलं! नाहीतर आपण, ऊठसूट अनुदान.'

अहो, फोटोत माणसं तरी मोजा.

आणि अनुदानाचंच म्हणाल तर १८७२ च्या कायद्यानं सरकार १६० एकर जमीन दहा डॉलर फी घेऊन देत होतं. अट एवढीच की तीन वर्षं राहा आणि कसा. ती जमीन आधी क्री, मेटिस वगैरे तिथल्याच लोकांची होती, ते तर कमेंटांत कुणाच्या गावीही नाही.

तिथलं खरं भांडण थंडीशी. गहू पिकायच्या बेताला आला की हिमकडा (दव गोठवणारी थंडी) यायचा आणि दाणा सुरकुतायचा, भाव मातीमोल. त्यामुळे सगळी घाई. बाइंडर नावाचं यंत्र गहू कापून सुतळीनं पेंढ्या बांधून टाकत पुढे जायचं. मागून माणसं पेंढ्या उचलून, लोंब्या वर करून, आठ-दहा एकमेकींना टेकवून उभ्या करायची, वाळायला. एवढी माणसं गावात कुठली? १८९० पासून जवळपास चाळीस वर्षं पूर्वेकडून खास स्वस्त तिकिटाच्या रेल्वेगाड्या भरभरून मजूर यायचे.

मग मळणी. यंत्र आणि वाफेचं इंजिन बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून मळणीवाला शेतोशेत फिरायचा आणि बुशेलमागे पैसे घ्यायचा (बुशेल म्हणजे गव्हाचे साधारण २७ किलो). नाहीतर शेजारी मिळून यंत्र घ्यायचे आणि आज तुझं, उद्या माझं. आपली सावडच की ती. फोटोत इंजिन यंत्रापासून इतकं लांब का, असं एकानं विचारलंय. ठिणगी उडून गव्हांडा पेटू नये म्हणून. मधला लांबलचक पट्टा इंग्रजी आठासारखा पीळ देऊन चढवायचे, म्हणजे वाऱ्यानं फडफडत नाही.

गहूसुद्धा एकट्या कॅनडाचा नव्हता. तिथल्या जुन्या रेड फाइफ वाणाला पिकायला फार दिवस लागायचे. त्याचा संकर केला 'हार्ड रेड कलकत्ता' या हिंदुस्थानी गव्हाशी. त्यातून ओटावाच्या सरकारी शेतावर चार्ल्स साँडर्सनं मार्क्विस हा नवा वाण निवडला. चिकटपणा कळावा म्हणून हा गडी दाणे चक्क चावून बघायचा! मार्क्विस आठवडाभर आधी यायचा, आणि हिमकड्याच्या शर्यतीत आठवडा म्हणजे पीक हाती किंवा गेलं.

तेव्हा 'एकटा' वगैरे राहू द्या. मी मोजली, फोटोत एकोणीस माणसं आहेत. एक कुत्रंही आहे. पहाटेची न्याहारी, शेतावरचा चहा-खाणं, दुपारचं जेवण, परत चहा, रात्रीचं जेवण असं या एकोणिसांना दिवसातून पाच वेळा करून घालणारी बाई मात्र एकही नाही.

ज्यांनी टाकला त्यांना विनंती, मूळ फोटो मोठा असेल तर पाठवा. उजवीकडे घराचा कोपरा दिसतोय, तो कापला गेलाय.