‘बेवुल्फ’ची मूळ प्रत जळाली नाही

‘बेवुल्फचं मूळ हस्तलिखित १७३१ च्या आगीत राख झालं, आज आपण वाचतो ती नंतरची नक्कल,’ असा मजकूर ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याबद्दल सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

आग खरी. २३ ऑक्टोबर १७३१ ला लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसमध्ये कॉटन संग्रहाला, म्हणजे जुन्या हस्तलिखितांच्या एका मोठ्या संग्रहाला, ती लागली. बेवुल्फची पोथी मात्र वाचली. कडा होरपळल्या, चामडी पानं ठिसूळ झाली आणि पुढे वर्षानुवर्षं काठाची अक्षरं झडत राहिली. थोर्केलिन या आइसलँडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकाने १७८० च्या दशकात दोन प्रती तयार केल्या, एक पगारी लेखनिकाकडून, एक स्वतःच्या हाताने. झडलेली अनेक अक्षरं आज त्यांवरूनच कळतात. ‘नक्कल’ हा शब्द बहुधा इथूनच आला असावा. पण इ.स. १००० च्या आसपास दोन लेखनिकांनी लिहिलेली ती पोथी आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे.

त्या आगीत खरोखर गेलं ते ‘बॅटल ऑफ माल्डन’ या दुसऱ्या जुन्या इंग्रजी काव्याचं हस्तलिखित. ते काव्य उरलं, कारण आगीआधीच कुणीतरी ते उतरवून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टींची खिचडी झालेली दिसते.

त्याच मजकुरात काव्याचा नायक बेवुल्फ याला ‘इंग्लंडचा राजा’ म्हटलंय. काव्याची भाषा जुनी इंग्रजी, पण नायक आजच्या दक्षिण स्वीडनमधल्या गीट लोकांचा, आणि ग्रेंडेल या राक्षसाला तो मारतो डेन्मार्कमध्ये. ३,१८२ ओळींत इंग्लंडच्या भूमीवर काहीच घडत नाही.