मैदान जुनं होतं, हे कारण नव्हे

कोलिझियम हे मैदान जुनं झालं म्हणून ए'ज या बेसबॉल संघाला ओकलंड सोडावं लागलं, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. कोलिझियम १९६६ चं. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम १९६२ चं, म्हणजे चार वर्षांनी थोरलं, आणि बोस्टनचं फेनवे पार्क तर १९१२ पासून उभं आहे. तिथे वेळोवेळी डागडुजी झाली. इथे २०१३ मध्ये सांडपाणी थेट खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं!

आणि माणसं टिकवली का? २०२२ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात आपले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले: बॅसिट न्यूयॉर्कच्या मेट्सला, ओल्सन अटलांटाला, चॅपमन टोरांटोला. डिसेंबरमध्ये कॅचर मर्फीही गेला. घरातले खांब काढून घ्यायचे आणि वर म्हणायचं, प्रेक्षक येत नाहीत. ओकलंड सुटल्यावर मात्र सेव्हरिनो या एका खेळाडूसाठी तीन वर्षांचे ६.७ कोटी डॉलर निघाले. क्लबच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. हा पैसा आधी कुठे होता?

२६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ लोक होते, त्यात मी आणि माझी लेक. टेक्ससला ३-२ ने हरवलं, तरी आजूबाजूला कुणी जागचं हलेना. आम्ही फ्रीमाँटला राहतो. मैदानाजवळच्या बार्ट रेल्वे स्टेशनच्या पुलावरून ढोलाचा आवाज आला की ती माझा हात सोडून पुढे पळायची. त्या रात्री परतताना त्याच पुलावर तिने चॅपमनची जुनी जर्सी घट्ट धरली होती आणि तीनदा मागे वळून पाहिलं.