केलब विल्यम्सला 'वाया गेला' म्हणणाऱ्यांना

आज मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एक काका म्हणाले, "बेअर्सनी २०२४ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर फुकट घालवला. पोरात दम नाही." हा पोरगा म्हणजे केलब विल्यम्स, आमच्या शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा; आणि ड्राफ्ट म्हणजे लीगमधली नव्या खेळाडूंची निवड. चार जणांनी माना डोलावल्या. वयाने मोठे म्हणून गप्प बसलो, पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

१० नोव्हेंबर २०२४ ला मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा शिकागोच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर होतो, न्यू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला. केलब पडला की मुलगा हातमोज्यातलं एक बोट मिटायचा. सामना संपला तेव्हा एकच बोट उरलं होतं. नऊ सॅक, म्हणजे पास टाकायच्या आधीच नऊदा पाडलं! १९-३ ने हरलो. लोक हुर्यो उडवत होते आणि हा मला विचारत होता, "बाबा, पुढे उभे असतात ते लोक त्याला वाचवत का नाहीत?"

नऊ वर्षांच्या पोराला जे दिसलं ते तुम्हाला दिसू नये? २०२४ च्या सीझनभरात ६८ वेळा पाडलंय त्याला, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. ह्यूस्टनने २००२ मध्ये डेव्हिड कारला असंच पहिल्या नंबरवर घेतलं आणि पहिल्याच वर्षी ७६ सॅक खायला लावले. पुढे त्याची कारकीर्द कशी ढासळली, आठवतंय ना?

त्या सामन्यानंतर दोन दिवसांत ऑफेन्सचा, म्हणजे आक्रमणाचा, कोच काढला. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये १६-० ने मागे असताना पोराने दुसऱ्या हाफमध्ये तीन टचडाऊन पास, म्हणजे सहा-सहा गुण देणारे पास, टाकले, आणि शेवटी आमच्या लोकांनी टाइमआऊट हातात असून घड्याळ संपू दिलं. दुसऱ्या दिवशी हेड कोचही गेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी असे साहेब बदलले असते तर तुमच्या मुलाला 'दम नाही' म्हणाला असतात का?

बॉल फार वेळ धरून ठेवतो, मान्य. मागे मागे पळतो आणि पाच यार्डांचं नुकसान पंधरावर नेतो. पास झेलणारा रिसीव्हर मोकळा धावत असतो आणि लांबचा पास त्याच्या डोक्यावरून जातो, हे बघून मीही सोफ्यावरून उठलोय. त्या नऊतले दोन-तीन सॅक त्याचे स्वतःचेच होते. मुलाला मी ते सांगितलं नाही. आणि हो, दुसऱ्या नंबरचा जेडन डॅनियल्स वॉशिंग्टनला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घेऊन गेला. गेला.

पण ५६२ पास टाकून फक्त ६ इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांच्या हाती गेलेले पास! इतका मार खाणारा नवखा पोरगा घाबरून कुठेही बॉल फेकतो. हा फेकत नाही. उजवीकडे पळताना, पाय जमिनीवर टेकलेले नसताना नुसत्या मनगटाने असा पास सोडतो की रिसीव्हरला हात पुढे करावा लागत नाही. हे शिकवून येत नाही. पाय कुठे ठेवायचे, बॉल कधी सोडायचा, हे शिकवता येतं.

नखं रंगवतो म्हणून हसणाऱ्यांनो, त्याच्या आईचा तो व्यवसाय आहे. आईच्या कामाची लाज न बाळगणारा पोरगा मला तरी आवडतो.

सलग दहा सामने हरल्यावर ग्रीन बेमध्ये जाऊन २४-२२ ने जिंकले. शेवटच्या मिनिटात त्यानेच टीमला जिंकून देणाऱ्या किकपर्यंत नेलं. मुलगा तेव्हा सोफ्यावर उभा होता, दोन्ही हात वर, दहाही बोटं उघडी.

त्या सीझनच्या शेवटी तेवीस वर्षांचाच होता हो तो. कोच कोणीही असो, आधी ती लाईन, म्हणजे त्याला वाचवणारे पुढचे लोक, नीट करा.

काका, रागावू नका. पुढच्या सीझनला तुमचं तिकीट मी काढतो. जाड मोजे घालून या, आमच्या शेजारी बसा. मोजायचं काम मुलाकडे.