विविध भारती, व्हाया डायनॅमो

२०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली आणि पुण्यात आमच्या १९७६ च्या पांढऱ्या पद्मिनीचा मान एकाएकी वाढला. सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले हॉर्न मारायचे सोडून फोटो काढायला लागले. एवढ्या मानाच्या गाडीत रेडिओ मुका असलेला न्यू जर्सीच्या पुतण्याला बघवेना. त्यानं येताना ब्लूटूथ, यूएसबी आणि लग्नाच्या मांडवाला पुरतील एवढे निळे दिवे असलेला रेडिओ आणला.

पद्मिनीच्या डॅशबोर्डला दोन बटणांची दोन भोकं आणि मधे एक चिंचोळी खिडकी. नवा रेडिओ तिथे मावेना. "पत्रा कापू, साहेब," म्हणेपर्यंत इलेक्ट्रिशियनच्या हातात कटर फिरायलाही लागला होता. मी आडवा पडलो. मग रेडिओ डॅशबोर्डखाली ब्रॅकेटवर टांगला. तिथे तो बरोबर हिच्या गुडघ्याला लागतो, त्यामुळे वळणावर आपोआप स्टेशन बदलतं. रिमोट वेगळा घ्यावा लागला नाही.

सुरू केल्यावर आतून आला तो फक्त खर्रर्र असा आवाज. ब्लूटूथवर गाणी ठणठणीत वाजत होती, म्हणजे स्पीकर शाबूत. "एरियलला अर्थ नाय भेटत," इलेक्ट्रिशियन म्हणाला. एरियलचं बूड गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकावं लागतं. आमच्या मडगार्डवर दर दिवाळीला कुणीतरी हौसेनं रंग चढवलेला, त्यामुळे एरियल गाडीवर नुसतंच उभं होतं, गाडीशी त्याचा संबंध नव्हता. खालच्या बाजूनं रंग खरवडला, आणि खरखर निम्म्यावर आली.

आता खरखरीमागे दडलेलं सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं. म्हणजे आमचं इंजिन. ॲक्सिलरेटर दाबला की टकटक वाढायची, आणि वर डायनॅमोची कुईंऽऽ अशी साथ. मार्कोनीनं बिनतारी संदेश पाठवले ते ठिणग्यांच्या जोरावर. आमच्या गाडीत चार प्लग तेच काम अजून इमानेइतबारे करतात, आणि प्लगच्या तांब्याच्या वायरी त्या ठिणग्यांचं आख्ख्या पेठेला प्रक्षेपण करतात. नाना पेठेतून कार्बनच्या वायरी आणल्या, कॉईलला आणि डायनॅमोला एकेक कंडेन्सर लावला. लायटरमधला मोबाईलचा स्वस्त चार्जर उपटल्यावर आणखी एक भुणभुण बंद झाली. तिचा आळ इतके दिवस डायनॅमोवर होता.

एवढं होऊनही विविध भारती घोगरीच. पुण्यात ती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. हा रेडिओ १००.९ वर थांबायचा, नाहीतर १०१.१ वर. मधल्या १०१ वर पाय ठेवायलाच तयार नव्हता. मध्यम लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, तर हा ७९० वरून थेट ८०० वर. तळमजल्यावरचे निवृत्त टेलिफोनवाले काका म्हणाले, "एरियल लांब करा." त्यांनी कपडे वाळत घालायची तारसुद्धा आणून दिली. ही म्हणाली, "त्याला मराठी कळत नसेल."

गंमत म्हणजे हिचंच खरं निघालं. पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"काका, मेनूत रीजन काय दिसतंय?"

"यूएसए."

"मग बरोबर आहे. इथे एफएमची सगळी स्टेशनं विषम दशांशावर असतात, आणि एएम, म्हणजे तुमच्या मध्यम लहरी, दहा-दहाच्या पायऱ्यांनी. तुमच्याकडे नऊ-नऊच्या."

मेनूत भारत नव्हता. युरोप होता, त्याच्या पायऱ्या नऊच्या. तो निवडला, आणि १०१ वर निवेदिका इतकी स्पष्ट बोलली की हिनं दचकून गुडघा हलवला. स्टेशन गेलं.

एफएम मिटलं, पण मध्यम लहरींवर टकटक अजून आहेच. एफएमला अशा ठिणग्या फारशा बाधत नाहीत, मध्यम लहरी मात्र विजेची प्रत्येक उचकी टिपतात. हिला तर नाट्यसंगीत ७९२ वरच ऐकायचं असतं. मग तिनंच तोडगा काढला, "इंजिन बंद ठेवा की!" आता आम्ही नटूनथटून पार्किंगमध्ये गाडीत बसतो आणि कुठेही जात नाही. सोसायटीचा वॉचमन येता-जाता खिडकीत डोकावतो. "दादा, धक्का देऊ का?" मी हातानंच नको म्हणतो.

परवा मात्र नाट्यपद ऐन रंगात असताना निळे दिवे मिणमिणले आणि गायक तानेच्या मधेच गप्प झाला. बॅटरी उतरली होती. वॉचमन कधीचा बाह्या सरसावून मागे उभा होता.

"मॅडम उतरतील का?" त्यानं विचारलं.

"मॅडम उतरणार नाहीत," आतून आवाज आला. "गाडी सुरू झाली की लगेच बंद करा. गाणं अजून संपलेलं नसेल."